अॅम्प हवाच का, बॉस?

परवा एका मित्राचा मेसेज आला, ‘नवे हेडफोन घेतोय. सोबत अॅम्प कुठला घेऊ?’ मी लिहिलं, ‘आधी स्पेसिफिकेशनमधले दोन आकडे पाठव!’ हे शहाणपण मला फुकटात मिळालेलं नाही हं.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या असाइनमेंटचा चेक आला. फ्रीलान्सरचा चेक म्हणजे पावसासारखा, येईल तेव्हा खरा. त्यातून मी 300 ओहमचे झकास हेडफोन घेतले, घरी येऊन जुन्या लॅपटॉपला जोडले. फिल्मी गाणी चालून गेली, पण विलंबित ख्याल लावला आणि आवाज जणू शेजारच्या फ्लॅटमधून येतोय! व्हॉल्यूम फुल्ल, तरी तेच. दुकानात परत गेले, तर तिथल्या पोराने हेडफोनच्याच किमतीचा अॅम्प समोर ठेवला. खात्यात उरले होते ते घरभाड्याचे पैसे. कार्ड हातात, मन दोलायमान...

शेवटी ‘उद्या सांगते’ म्हणून सटकले आणि रात्रभर हिशेब केला. अगदी दहावीचं गणित आहे. पहिला आकडा इम्पीडन्स, म्हणजे ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका मिलिवॉटला किती डेसिबल. (काही कंपन्या तो एका व्होल्टला देतात, तेव्हा नीट वाचा.) समजा हेडफोन एका मिलिवॉटला 100 डेसिबल देतो. गाण्यातल्या क्षणभराच्या उंच जागांसाठी 110 धरले, तर लागतात फक्त 10 मिलिवॉट. 32 ओहमच्या हेडफोनला त्यासाठी अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडं जास्त पुरतं. 300 ओहमला मात्र पावणेदोन व्होल्टच्या आसपास. साधं डोंगल साधारण एक व्होल्ट देतं, काही तर त्याच्या निम्मंच. झालं, चोर सापडला!

म्हणजे 38 ओहमचा ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स घेतलात, तर अॅम्पचे पैसे वाचवा, बिर्याणी खा. सेनहायझरचा एचडी 600 किंवा बायरडायनॅमिकचा 250 ओहमचा डीटी 990 प्रो घेताय? मग अॅम्पचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

मग मी काय केलं? रविवारी ठाण्याला आईकडे गेले. बाबांचा जुना स्टिरिओ अॅम्प कपाटावर धूळ खात होता. समोर हेडफोनचा जाडा जॅक! अशा अॅम्पमध्ये बरेचदा स्पीकरचाच आऊटपुट रेझिस्टरमधून हेडफोनला देतात, त्यामुळे त्याचा स्वतःचा आऊटपुट इम्पीडन्स शंभर ओहमच्या वरही जातो. नियम सांगतो, तो हेडफोनच्या एक-अष्टमांश असावा. माझ्या 300 ओहमला फार बिघडलं नाही, बास जरासा फुगला इतकंच. तोच जॅक कमी ओहमच्या इअरफोनला लावला, तर मात्र आवाजाचा पोतच बदलू शकतो.

बाबांनी हेडफोन कानाला लावले. डोळे मिटले. पाच मिनिटांनी म्हणाले, “अगं, तानपुरा वेगळा ऐकू येतोय!” हेडफोन परत मिळायला संध्याकाळ झाली. अॅम्प मात्र त्यांनी स्वतः पुसून माझ्या रिक्षात ठेवला. भाडंही वेळेवर गेलं.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा. आधी हेडफोन, कारण आवाजातला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. मग आकडे. मग घरातलं कपाट. मग चांगलं डोंगल. त्यानंतरही कमी पडलं, तरच अॅम्प, आणि तोही व्होल्टेज आणि आऊटपुट इम्पीडन्स विचारून. दुकानदार वॉट सांगत बसेल, तुम्ही ‘किती ओहमला?’ एवढंच विचारा.

आणि हो, ताकद मिळाली म्हणून नॉब पिरगाळत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास, बस्स. हेडफोन बदलता येतात, कान नाही!