अंगठ्याएवढा तुकडा आणि लाखांची मोटार

मे महिन्यातील सुटीच्या दिवशी मोटारीने बोरघाट चढलेल्या कोणासही पुढील दृश्य अपरिचित नाही. रस्त्याच्या कडेला गाड्या थांबलेल्या असतात, त्यांची बॉनेटे उघडी असतात, आणि घामाने निथळणारा गृहस्थ वाफेच्या लोटाकडे हताशपणे पाहत असतो. त्याची मुले व वृद्ध मातापितरे कोठे तरी चार हात सावली शोधीत असतात. गतवर्षी या मंडळींत आमचीही भर पडली. गाडी सात वर्षांची होती. तिच्या कर्जाचा अखेरचा हप्ता फेडून वर्षही झाले नव्हते. लोणावळ्याहून आलेल्या मेकॅनिकने इंजिनाच्या मागील बाजूस हात घालून काळ्या प्लॅस्टिकचा, अंगठ्याएवढा, नळीचा एक वाकडा तुकडा बाहेर काढला. दोन बोटांत धरून दाबताच त्याचा बिस्किटासारखा चुरा झाला. "साहेब, सगळं पाणी ह्याच्यातून गेलं. आता हेड पण खोलून बघावं लागेल," तो म्हणाला. इंजिनाचे हेड खरोखरच वाकले होते. दुरुस्तीस बेचाळीस हजार रुपये लागले. त्या तुकड्याची किंमत आम्ही मुद्दाम विचारली, तेव्हा तो सुटा मिळत नाही, नळ्यांचा संपूर्ण संचच घ्यावा लागतो, असे उत्तर मिळाले.

हे गाऱ्हाणे आमच्या एकट्याचे असते, तर त्यापायी पहिल्या पानावरील जागा आम्ही अडविली नसती. परंतु मोटार ही आता केवळ धनिकांची वस्तू राहिलेली नाही. पाच-सात वर्षे हप्ते फेडणारा बँकेतील कारकून, शाळामास्तर, लहानसा दुकानदार हा तिचा आजचा मालक आहे. त्याच्या दृष्टीने घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. ती ज्या भागावर अवलंबून आहे त्याचे आयुष्य किती, हे जाणण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम प्लॅस्टिकला न्याय दिला पाहिजे. जुन्या पत्र्याच्या गाड्यांचे गोडवे गाणे सोपे आहे. त्यांचा सहवास सोपा नव्हता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप धारण करून जिने या शहराची दशकानुदशके सेवा केली, ती प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना गहिवरून आले. पण तिचा पत्रा पावसाळ्यागणिक गंजत असे, आणि एके काळी ती पदरात पडण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हेही विसरता कामा नये. प्लॅस्टिक गंजत नाही. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट, अॅल्युमिनियमची २.७ पट; काचतंतू मिसळलेले नायलॉन मात्र पाण्याच्या दीडपटीच्याही आतच राहते. वजन घटले की इंधन वाचते, धूर कमी होतो. आपल्याकडे २०१७ पासून इंधनबचतीचे दंडक लागू झाल्यानंतर कारखानदारांना प्रत्येक किलोचा हिशेब ठेवणे भाग पडले. बंपर, डॅशबोर्ड, इंधनाची टाकी या ठिकाणी प्लॅस्टिकने उत्तम काम केले आहे. आमचा रोष त्या पदार्थावर नाही. तो जेथे आणि ज्या रीतीने वापरला जातो, त्यावर आहे.

इंजिनातून फिरणारे पाणी नव्वद ते शंभर अंश, प्रसंगी त्याहूनही अधिक तापते व दाबाखाली असते. त्यात मिसळलेले ग्लायकॉल आणि ही उष्णता मिळून नायलॉनच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडीत जातात. रोज तापणे आणि निवणे यांचा ताण वेगळाच. वरून तुकडा धडधाकट दिसतो. आतून तो ठिसूळ झालेला असतो. धातू झिजतो, पाझरतो, ओरडतो; पूर्वसूचना देतो. प्लॅस्टिक बहुधा एका क्षणी फुटते. पूर्वी रेडिएटर पितळ-तांब्याचा असे. तो गळू लागला तर कारागीर डाख देऊन संध्याकाळपर्यंत परत करी. आता अॅल्युमिनियमच्या जाळीस प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसविलेल्या असतात. टाकीस तडा गेला की बहुधा सबंध रेडिएटरच बदलावा लागतो. पाण्याच्या पंपाचे पाते, थर्मोस्टॅटचे घर, नळ्यांचे सांधे या साऱ्यांची हीच कथा आहे. त्यातच अनेक नव्या गाड्यांतून तापमानाचा काटा काढून टाकून केवळ एक तांबडा दिवा ठेवण्यात आला आहे. तो लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो.

हा दोष कारखानदारांना ठाऊक नाही, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९९६ पासून आपल्या काही ४.६ लिटर, आठ सिलिंडरच्या इंजिनांवर हवा आत नेणारा मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा बसविला. त्याच्याच पुढील भागातून तापलेले पाणी नेलेले होते. तो भाग तडकू लागला. पोलीस व टॅक्सीवाले ज्या गाड्या मोठ्या संख्येने वापरीत, त्यांतही हेच इंजिन होते. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ साली सामूहिक दाव्यात तडजोड होऊन कंपनीने भरपाईची जबाबदारी पत्करली. नव्या मॅनिफोल्डचा पाणी वाहणारा भाग अॅल्युमिनियमचा करण्यात आला, बाकीचा प्लॅस्टिकचाच राहिला. म्हणजे उपाय अवघड नव्हता. जेथे ऊन पाणी, तेथे धातू. जेथे केवळ हवा, तेथे प्लॅस्टिक. हा विवेक आरंभीच का दाखविला गेला नाही? साच्यात ओतलेला तुकडा एका दमात तयार होतो, त्यावर कातकाम करावे लागत नाही. एका नगामागे वाचणारे थोडके पैसे लक्षावधी गाड्यांवर डोंगराएवढे होतात. तो तुकडा हमीच्या मुदतीत टिकला म्हणजे कारखान्याचे काम झाले. पुढचा भार मालकाने सोसायचा.

सुट्या भागांच्या बाबतीत आपला अनुभवही कडवटच आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण त्या सुटे भाग व दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. त्यावर अपिले झाली. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि तिच्या कार्यकक्षेत मोटारींचाही समावेश केला. सदोष गाड्या परत बोलाविण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. परंतु तिचा रोख पर्यावरणास किंवा माणसांच्या सुरक्षिततेस हानी पोहोचविणाऱ्या दोषांवर आहे. भर द्रुतगती मार्गावर, रात्री, पाठीमागून अवजड ट्रक येत असता गाडी एकाएकी बंद पडणे हे सुरक्षिततेत मोडत नसेल, तर सुरक्षितता म्हणजे काय, हे कोणी तरी आम्हांस समजावून सांगावे.

मालकवर्गानेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी ओतणारे, ते बदलण्याची मुदत कधीच न पाळणारे आणि पुस्तिकेचे प्लॅस्टिकचे वेष्टनही न फोडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पुस्तिका न वाचण्याचा दोष आम्हीही आमच्या पदरी घेतो. मात्र घाटातून परतल्यावर ती अथपासून इतिपर्यंत वाचली, तेव्हा त्या तुकड्याविषयी तीत एक ओळही आढळली नाही.

आमची मागणी माफक आहे. टायरच्या कडेवर तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला, हे चार आकड्यांत छापलेले असते. रबराचा टायमिंग बेल्ट किती किलोमीटरनंतर बदलावा, हे कंपन्या स्वतःच सांगतात. त्यामुळे त्यांची विक्री खुंटली, असे ऐकिवात नाही. मग ऊन पाणी वाहणाऱ्या प्रत्येक प्लॅस्टिकच्या भागाविषयी तेच का करू नये? त्याच्या बदलाची मुदत पुस्तिकेत छापावी, तो भाग सुटा व वाजवी दरात कोणत्याही गॅरेजला मिळावा, आणि त्या मुदतीआधी तो फुटून इंजिन बिघडले तर भरपाई कंपनीने द्यावी, असा नियम सरकारने करावा. मुदतीपूर्वी आपण होऊन चारशे रुपये खर्च करण्यास मध्यमवर्गीय माणूस कधीही तयार असतो. घाटात अकस्मात बेचाळीस हजार मोजण्याची त्याची ऐपत नसते. वस्तू नश्वर आहे, याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. ती नश्वरता विकणाऱ्यास ठाऊक असावी आणि विकत घेणाऱ्यापासून लपवावी, हा व्यवहार मात्र सचोटीचा नव्हे.