मुख्यालयी रहा, पण कुठे?

"गुरुजी गावात राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात" हा विषय निघाला की आपल्यासारख्या शहरी मंडळींना भलताच चेव येतो. २०२२ साली आमदार प्रशांत बंब यांनी तो विधानसभेत मांडला तेव्हा आमच्या कँटीनमध्येही एकमत होतं : कापा भत्ता!

माझा साधा प्रश्न आहे. राहायचं कुठे?

कोयनेच्या पाण्याकाठचं खिरखंडी घ्या (ता. जावळी, जि. सातारा). तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली. तिथे भाड्याची खोली शोधून दाखवा! सांगलीच्या जत तालुक्यात गाव म्हणजे रानात विखुरलेल्या वस्त्या. मग नव्या मास्तरांची 'सोय' होते वर्गात नाहीतर समाजमंदिरात. दोन बाकं जोडली की पलंग, खिडकीत स्टो, आंघोळीला आडोसा. बाप्यामाणूस निभावून नेतो. बाई असतील तर? आतून लागणारी कडी आणि संडास मागणं म्हणजे चैन?

सरकारचा उपाय काय, तर २०१९ चा शासन निर्णय : मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणा. घर नाही, पण घराचा कागद हवा! बग तसाच ठेवून टेस्ट केस पास दाखवण्यातला हा प्रकार.

शहराजवळ, खोल्या मिळत असूनही खोटा ठराव आणणारे आहेत, मान्य. त्यांचा भत्ता खुशाल कापा. पण भत्ता म्हणजे पैसे, घर नव्हे. आणि सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवकाला नुसतं मानधनच. प्राथमिकला २०२३ पासून १६,००० रुपये, त्याआधी ६,०००.

आपल्याला कंपनी ऑनसाईट पाठवते तेव्हा पहिले पंधरा दिवस गेस्ट हाऊस लागतं. गीझर चालत नसला तर आपण एचआरला मेल टाकतो :)

याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं. खेड्यातल्या पोराला शिकवायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय लागते, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. शिकवणाऱ्याला ते लागत नाही का?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात डॉक्टरांसाठी निवासस्थान बांधतात. तसंच दुर्गम शाळेच्या आवारात दोन खोल्या, पाणी, संडास बांधा. मग ठराव मागा. तोवर गुरुजींच्या नावाने बोटं मोडण्याचा हक्क ना सरकारला आहे, ना एसीत बसलेल्या आपल्याला.