वैर होते, वेळापत्रक नव्हते : औरंगाबाद आणि नांदेड विद्यापीठांचा न रुजलेला सामना

अमेरिकेतील ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या एकाच राज्यातील दोन विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्याची चित्रफीत फिरू लागली की मराठी समाजमाध्यमांवर एक प्रश्न हमखास उमटतो : मराठवाड्यातही दोन विद्यापीठे आहेत, मग त्यांच्यात अशी चुरस का नाही? त्यावर दोन उत्तरे तयार असतात. मराठवाड्याला क्रीडासंस्कृतीच नाही, हे पहिले. दुसरे थोडे दबक्या आवाजात दिले जाते : चुरस आहे की, पण ती नामांतराची आहे. पहिले उत्तर अज्ञानातून येते आणि दुसरे घातक आहे.

आधी भूगोल. निलंगा, उदगीर, अहमदपूर हा पट्टा निजामी राजवटीत बीदर जिल्ह्यात होता. आजचा शिरूर अनंतपाळ तालुका याच परिसरातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा पट्टा उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात. विद्यापीठेही तशीच बदलली. आजोबांच्या काळी उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचे उर्दू माध्यमाचे उस्मानिया, स्थापना १९१८. वडिलांच्या काळी औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ. त्याचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंनी केले. नातवाच्या पदवीवर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची मोहोर. गाव जागचे हलले नाही. तीन पिढ्यांत तीन विद्यापीठे त्याच्यावरून गेली. गावाचे मत कोणी विचारले, असे इतिहासात आढळत नाही.

आता त्या वैराकडे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे गावांतून परागंदा झाली, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा खून झाला. अंमलबजावणी सोळा वर्षे रेंगाळली. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेड शहरात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडचे विद्यापीठ वेगळे झाले. नांदेड, परभणी आणि लातूर त्याच्याकडे गेले. औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद जुन्या विद्यापीठाकडे राहिले. हिंगोली जिल्हा पुढे १९९९ मध्ये परभणीतून निघाला.

नामविस्तार आणि विभाजन एकाच वर्षातले. हा निव्वळ योगायोग होता, असे सांगणाऱ्याने इतिहासाशी लपंडाव खेळू नये. पण यावरून नांदेडचे विद्यापीठ म्हणजे नामविरोधकांचे विद्यापीठ, असा निष्कर्ष काढणारा त्याहून मोठी चूक करतो. लातूरहून औरंगाबाद अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. एका गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी तितका प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला जवळचे विद्यापीठ हवे होते, आणि त्यात दलित विद्यार्थीही होतेच. शिवाय दोन्ही बाजूंच्या शिक्षणाची मुळे एकाच काळातली : औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० चे, नांदेडचे पीपल्स कॉलेजही १९५० चे. बाबासाहेब आणि स्वामीजी यांना दोन संघांचे कर्णधार म्हणून उभे करणे हा दोघांचाही अवमान आहे.

इथे ड्यूकचा दाखला उपयोगी पडतो, मात्र चित्रफितीत दिसतो त्याहून वेगळ्या कारणासाठी. या दोन संघांचा पहिला सामना १९२० मध्ये झाला, तेव्हा ड्यूकचे नाव ट्रिनिटी कॉलेज होते. १९२४ मध्ये तंबाखूच्या व्यापारातून गबर झालेल्या ड्यूक घराण्याच्या देणगीमुळे नाव बदलले. त्या नामांतरासाठी कोणाचे घर जळले नाही. अर्थात त्या वैभवाचीही काळी बाजू आहे : ड्यूकने पदवी वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रथम घेतले ते १९६३ मध्ये. म्हणजे चार दशके ही सुप्रसिद्ध चुरस केवळ गोऱ्या मुलांमध्ये चालली होती. खेळ आपोआप समता आणतो, ही समजूत तिथेही खोटी ठरते.

तरीही तिथे एक गोष्ट घडली. जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवरचे हे दोन संघ दरवर्षी किमान दोनदा समोरासमोर येतात, एकदा याच्या मैदानावर, एकदा त्याच्या. हरलेल्याला परतफेडीची तारीख ठाऊक असते. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने ड्यूकला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ८१-७७ असे हरवले, तेव्हा त्या चार गुणांच्या मागे शंभर वर्षांचा हिशेब उभा होता.

आपल्याकडे विद्यापीठाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून निवडला जातो, थोड्या दिवसांच्या शिबिरानंतर पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जातो आणि परतला की विखुरतो. त्या विभागात महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशही असतात. नांदेड आणि औरंगाबाद यांची गाठ पडेल की नाही, हे सोडतीवर. राज्यपालांच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘अश्वमेध’ महोत्सवात बास्केटबॉल आहे, पण तोही काही दिवसांचा मेळा. यजमान दरवेळी दुसरा. ज्या सामन्याची तारीख कोणाला ठाऊक नाही, त्याला प्रेक्षक कुठून येणार?

भारतात हे अशक्य आहे, असेही नाही. अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ आणि पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ मौलाना आझाद करंडकासाठी वर्षानुवर्षे झुंजत आले आहेत. तो करंडक सर्व खेळांतील वर्षभराच्या कामगिरीवर मिळत असे. दरवर्षी हिशेब लागतो, म्हणून दरवर्षी चुरस पेटते.

राहिला क्रीडासंस्कृतीचा आक्षेप. खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे उस्मानाबादची. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्य जिंकणारा अविनाश साबळे बीडचा, आणि तो घडला सैन्यात. पाय मराठवाड्याचे होते. धावपट्टी दुसऱ्याची होती. खो-खोला दोन खांब आणि फक्कीच्या रेघा पुरतात. बास्केटबॉलला २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद पक्के मैदान आणि जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर कडी लागते. तालुक्याच्या महाविद्यालयात हा खर्च अंदाजपत्रकात नसेल, तर दोष तिथल्या मुलांच्या रक्तात शोधणे हा निर्लज्जपणा आहे.

विद्यापीठांना या कामासाठी नवा कायदाही नको आहे. औरंगाबाद विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आहे, नांदेडचे लातूरला. १९८२ पर्यंत हे दोन्ही भाग एकाच जिल्ह्यात होते. १९९४ च्या रेघेने त्यांची विद्यापीठे वेगळी केली. एक सामना लातूरला, एक धाराशिवला, दरवर्षी त्याच तारखांना, मुलांचा आणि मुलींचाही. एसटीने सुमारे दोन तासांचा रस्ता आहे.