भांडता आलं की भाषा आली

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजानं १९१७ साली उन्हाळी स्पॅनिश शाळा सुरू केली. तिथं येणारा विद्यार्थी आज लेखी शपथ घेतो: सत्र संपेपर्यंत शिकायला आलेल्या भाषेतच बोलेन. इतर काही कॉलेजांत वर्षभर चालणारी स्पॅनिश वसतिगृहंही आहेत. वर्गात गप्प बसून निभावतं. इथं खरकटी भांडी कुणी घासायची, यावरचं भांडणही स्पॅनिशमध्येच. एरवी वादात कुणाला न ऐकणारा हुशार पोरगा चार शब्दांवर दिवस काढतो, आणि हीच अडचण त्याला शिकवते. शपथेचा कस तासाला लागत नाही. तो लागतो रात्री, दमल्यावर, समोरच्यालाही इंग्रजी येतं हे ठाऊक असताना. व्याकरण पुस्तकातून येईलही; सोयीची भाषा बाजूला ठेवायचा हट्ट सोबतीनंच टिकतो.