पांढरे दिसले, म्हणजे निदान झाले?

ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे. म्हणूनच केवळ थर्मामीटर पाहून कोणी मलेरियाचे औषध लिहून देत नाही. समुद्रातील प्रवाळांच्या बाबतीत मात्र ही साधी शिस्त अनेकदा पाळली जात नाही. प्रवाळ पांढरे दिसले की ‘तापमानवाढीने ब्लीचिंग झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

प्रवाळ म्हणजे चुन्याच्या सांगाड्यावर वसलेल्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवाळे त्यांना रंग आणि अन्नाचा मोठा वाटा देतात. पाणी फार तापले की ही शैवाळे निघून जातात आणि पारदर्शक ऊतींमधून पांढरा सांगाडा दिसू लागतो. हे विरंजन. त्यात प्राणी अजून जिवंत असतो आणि पाणी वेळेत निवले तर तो सावरूही शकतो. रोगात मात्र ऊतीच मरून गळतात व सांगाडा उघडा पडतो. लांबून पाहता दोन्ही पांढरेच.

फरक कळतो तो जवळ गेल्यावर. विरंजनात पृष्ठभागावर प्राण्यांच्या इवल्या मुखांच्या खुणा शाबूत असतात. ऊती नष्ट करणाऱ्या रोगांत बहुधा जिवंत भाग आणि उघडा सांगाडा यांच्यात ठळक सीमारेषा दिसते. आधी उघड्या पडलेल्या भागावर हिरवट शेवाळ धरलेले असते. त्यामुळे ताज्या पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीवरून रोगाचा वेग ताडता येतो. सीमेवर काळा थर असेल तर तो ‘ब्लॅक बँड’ रोग असू शकतो. आणि फांद्यांच्या बुडाशी प्रवाळभक्षक गोगलगायी लपलेल्या सापडल्या, तर तो रोग नसून भक्षकाचे काम असण्याची शक्यता अधिक.

म्हणून पाहणीत नुसती रोगट प्रवाळांची छायाचित्रे काढून भागत नाही. ठरावीक लांबीची टेप अंथरून तिच्या दोन्ही बाजूंच्या निश्चित पट्ट्यातील निरोगी वसाहतीही मोजाव्या लागतात. त्याशिवाय रोगाचे प्रमाण निघत नाही. शिवाय, त्याच वसाहतींवर खूण करून काही आठवड्यांनी पुन्हा जावे लागते. रोगजंतू ओळखायचा तर पुढे प्रयोगशाळेलाच विचारावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर फ्लोरिडात मिळते. २०१४ मध्ये मायामीजवळ ऊती झपाट्याने नष्ट करणारा एक रोग दिसला. त्याने वीसहून अधिक प्रजातींना ग्रासले आणि पुढे तो कॅरिबियन समुद्रात पसरला. तेथे जखमेच्या कडेवर अमॉक्सिसिलिनचा लेप लावून काही वसाहती वाचवता आल्या. निरोगी प्रवाळ उचलून मत्स्यालयांत सुरक्षित ठेवले गेले. पाणबुड्यांना साहित्य निर्जंतुक करायला सांगण्यात आले. विरंजनावर ना असा लेप चालतो, ना साहित्याचे निर्जंतुकीकरण. निदान चुकले की उपायही चुकतो.

आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली. तेथील प्रवाळांचे विरंजन संशोधकांनी नोंदवले आहे आणि तो किनारा आज स्कूबा व स्नॉर्केलिंगसाठी ओळखला जातो. वन्यजीव कायद्याने प्रवाळ तोडण्यास बंदी आहे, पण रोगाला कायदा अडवत नाही. वारंवार त्याच पाण्यात उतरणारे स्थानिक मार्गदर्शक पहिला बदल टिपू शकतात. त्यांना लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण, नोंदीचा एकसारखा तक्ता आणि ती नोंद ज्याच्याकडे पोचवायची असा जबाबदार शास्त्रज्ञ, एवढे तरी शासनाने द्यावे. पर्यटनाच्या उत्पन्नातील थोडा वाटा त्यासाठी राखणे अवघड नाही. पाण्याखालचा रुग्ण स्वतःहून दवाखान्यात येत नाही. त्याच्याकडे आपणच वेळेवर जायला हवे.