माज मोजायला शिका!

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीस ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा दिला. गोभक्तांना समाधान वाटले, ते योग्यच. परंतु २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत सहा टक्क्यांनी घटल्याचे दिसले, हे वास्तव घोषणेने पुसले जात नाही. गोवंश केवळ कसायाच्या सुरीने घटत नाही; माज हुकून भाकड राहिलेल्या गायीमुळेही तो घटतो. त्याविरुद्ध मोर्चा कोण काढणार?

गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. काही गायी ना हंबरतात, ना दुसरीवर उड्या मारतात. हा मुका माज. तो हुकला की एकवीस दिवसांचा चारा वाया. रेतन अवेळी झाले की गाय उलटते. तीन-चारदा उलटलेल्या गायीला दावणीवर ठेवण्याची ऐपत किती शेतकऱ्यांची असते?

देह मात्र मुका नसतो. माजात योनिमार्गाच्या ऊतींतील पाण्याचे व बळसातील क्षारांचे प्रमाण बदलते आणि तेथील विद्युतरोध उतरतो. माज सरला की पुन्हा चढतो. हा चढउतार मोजणारी, बॅटरीवर चालणारी सळई पोलंडमध्ये तयार होते. आपल्या परिसरातील किती गोशाळांत ती आहे, हे कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन पाहावे.

मातेच्या देहात यंत्र घालणे ही विटंबना, असे काही सज्जन म्हणतील. आजारी आईच्या जिभेखाली तापमापक ठेवणारा मुलगा कपूत ठरतो काय? अर्थात सळई म्हणजे जादूची कांडी नव्हे. प्रत्येक गायीचा आकडा निराळा, म्हणून एकाच नोंदीवरून निर्णय घेणे व्यर्थ. रोज दोनदा मोजावे, वहीत लिहावे, प्रत्येक गायीनंतर सळई निर्जंतुक करावी. गर्भाशयाचा दाह असेल तर आकडा फसवतो, तेव्हा पशुवैद्यास बोलवावे. सोनोग्राफीने तर महिन्याभरातच गाभण कळते. हाताने तपासायला त्याहून अधिक थांबावे लागते.

गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णयही शासनाने त्याच दिवशी घेतला. त्या अनुदानाच्या वहीशेजारी माजाची वही आहे काय, हे पुढच्या भेटीत विश्वस्तांना जरूर विचारा.