आधी धुराडे, मग शेकोटी

महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा ह्या टापूत अलीकडे जे नवे बंगले उभे राहिले, त्यांपैकी पुष्कळांच्या दिवाणखान्यात भिंतीत बांधलेली लाकडाची शेकोटी, म्हणजे ज्याला सारे जण फायरप्लेस म्हणतात ती, मोठ्या हौसेने बसवलेली दिसते. आणि ज्या मुलखात थंडीच्या कडाक्यात वेण्णा तलावाच्या काठचे दव गोठते, तेथे कोणाला घरात विस्तवाची ऊब हवीशी वाटली तर त्यात गैर काहीच नाही. माझी तक्रार ही हौस पुरवण्याच्या रीतीविषयी आहे. शेकोटीची चौकट कोणत्या दगडाची असावी आणि तिच्यावरची फळी सागाची की शिसवीची, ह्याचा खल महिनोन्‌महिने चालतो, आणि धुराड्याचा प्रश्न मात्र स्लॅब पडून गेल्यावर गवंड्याच्या मर्जीवर सोपवला जातो. वस्तुतः धुराडे हेच ह्या साऱ्या रचनेचे मुख्य अंग होय, लाकडे जळतात ती जागा म्हणजे केवळ त्याचे तोंड. म्हणून ज्याला पुरेसे उंच धुराडे बांधणे आणि ते दरवर्षी साफ करविणे शक्य नसेल, त्याने घरात लाकडाची शेकोटी बांधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जुन्या घरांतही चूल होती आणि तिला धुराडे असेच असे नाही. परंतु कौलांच्या फटींतून, झरोक्यांतून आणि सताड उघड्या परसदारातून धूर कसाबसा वाट काढीत असे, आणि जो मागे उरे त्याची किंमत घरातल्या बायकांनी आपल्या डोळ्यांनी आणि छातीने मोजली. तो धूर स्वयंपाकघरातून हद्दपार व्हावा म्हणून 2016 साली सरकारला उज्ज्वला योजना जाहीर करावी लागली. अशा वेळी तोच धूर सुखवस्तू घरांनी दिवाणखान्यात मुद्दाम बोलावून आणावा, ही विसंगती मनाला बोचते. शिवाय नव्या बंगल्याला कौले नाहीत. वर सिमेंटचा स्लॅब, सभोवार रबरी पट्ट्यांनी घट्ट बसणाऱ्या सरकत्या काचा, आणि स्वयंपाकघरात हवा जोराने बाहेर फेकणारा पंखा. अशा घरात धुराला धुराड्यावाचून दुसरी वाट नाही, आणि धुराडे दुबळे असले तर तो पंखाच धूर परत खोलीत ओढून घेतो.

धुराडे ओढते कसे, हे समजून घेणे कठीण नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी खोलीतील हवा शेकोटीकडे धावते. उष्ण हवेचा हा स्तंभ जितका उंच आणि सरळ, तितकी ही ओढ बळकट. म्हणून धुराडे छपरातून जेथे बाहेर पडते तेथून निदान 3 फूट वर असावे, आणि 10 फुटांच्या आत छपराचा जो कोणता भाग असेल त्याहून 2 फूट उंच असावे, असा अमेरिकेतील बांधकामाचा रूढ दंडक आहे. धुराच्या नळीचे क्षेत्रफळ शेकोटीच्या तोंडाच्या सुमारे एक दशांश असावे, हाही तसाच अनुभवसिद्ध नियम. काउंट रम्फर्ड ह्या नावाने ओळखला जाणारा, अमेरिकेत जन्मलेला शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन ह्याने 1796 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात शेकोटी उथळ असावी, तिच्या बाजूच्या भिंती तिरप्या असाव्यात आणि धुराचा गळा सुमारे 4 इंचांइतका अरुंद असावा, हे सकारण मांडले. कारण उघड्या शेकोटीची ऊब आपल्याला मुख्यतः ज्वाळेच्या आणि तापलेल्या विटांच्या किरणांनी पोहोचते, आणि चौकोनी, खोल कोनाड्यात ती किरणे कोनाड्यातच अडकून राहतात. दोन शतकांहून जुने हे ज्ञान असता आपल्याकडे अजून तो खोल कोनाडाच बांधला जातो, आणि उघड्या शेकोटीतून लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा खोलीला मिळून बाकीचा आकाशात जातो. ज्यांना बारमाही डोंगरावर राहायचे आहे, त्यांनी काचेचे दार असलेली ओतीव लोखंडाची बंद शेगडी बसवावी, अशी माझी शिफारस आहे. तेवढ्याच लाकडांत ती कैकपट ऊब देते.

पाचगणीजवळच्या एका नव्या घरात मी पाहिलेले दृश्य असे. शेकोटीला काळ्या बेसॉल्टची देखणी चौकट होती, आणि त्या चौकटीच्या वर पांढऱ्या भिंतीवर हातभर लांबीचा काजळीचा पट्टा चढलेला होता. मालकांनी भिंत दोनदा रंगवली होती. बाहेर जाऊन पाहिले तो धुराची नळी जेमतेम मनगटाएवढी, छपरापर्यंत न नेता शेकोटीमागच्या भिंतीतूनच काटकोनात वळवून बाहेर काढलेली, आणि नेमकी दरीच्या वाऱ्याला तोंड देऊन उभी. त्या भिंतीला रंगाची गरज नव्हती. गरज होती ती पायापासून स्वतंत्र उचललेल्या, आतून उष्णता सोसणाऱ्या मातीच्या नळांचे किंवा स्टेनलेस स्टीलचे अस्तर असलेल्या आणि घराच्या लाकूडकामापासून निदान 2 इंच दूर राखलेल्या धुराड्याची, आणि शेकोटीपुढे दीड-दोन फूट दगडी फरशीची, म्हणजे उडालेली ठिणगी सतरंजीवर पडणार नाही.

सह्याद्रीच्या माथ्याची खास अडचण म्हणजे पाऊस. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि शेकोटी वर्षाचे निदान आठ महिने थंड पडलेली असते. तेवढ्या अवधीत धुराड्यावर टोपी व जाळी नसेल तर पाणी आत उतरते, पाखरे घरटी करतात, माश्या पोळी बांधतात, आणि पहिल्या थंडीला कोणी अजाणता लाकडे पेटवली की सारा धूर उलटून घरात येतो. ओले लाकूड हा दुसरा शत्रू. ज्यात पाण्याचा अंश शेकडा 20 हून अधिक आहे असे लाकूड धुमसते, त्याच्या वाफा धुराड्याच्या थंड अंगावर गोठून क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर धरतात, आणि हा थर एखाद्या रात्री पेटला म्हणजे धुराड्यात हजार अंशांहून अधिक उष्णता उसळून अस्तर तडकते. तीन मिलिमीटरांचा थर दिसला की ब्रश फिरवलाच पाहिजे. शेजारच्या उतारावरची जांभळी किंवा अंजनी तोडून जाळणे तर सर्वथा त्याज्य. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश 2001 सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. घाटाखाली वाईच्या बाजूला पाऊस पुष्कळ कमी, तेथल्या वखारीतून उन्हाळाभर वाळलेली बाभूळ आणावी. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला, टोकांना चिरा पडलेल्या दिसल्या, म्हणजे लाकूड तयार झाले असे समजावे. सुताराकडचे प्लायवुडचे तुकडे व रंगवलेल्या फळ्या शेकोटीत घालू नयेत, आणि रॉकेल तर जवळही आणू नये.

परंतु धूर निदान दिसतो. खरे भय न दिसणाऱ्या वायूचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक आसक्तीने बिलगतो. उत्तर हिंदुस्थानात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या ह्याच वायूच्या. विशेष धोका ज्वाळा विझून नुसते निखारे उरतात त्या वेळी असतो, कारण उरलीसुरली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून माणसे नेमकी तेव्हाच धुराड्याची झडप लावून निजायला जातात. राख पूर्ण थंड होईपर्यंत झडप उघडीच राहिली पाहिजे. निजण्याच्या खोलीत ह्या वायूची सूचना देणारे यंत्र असावे. धुराची घंटा वाजवणारे साधे यंत्र त्याला ओळखत नाही. राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर दगडावर ठेवावी.

ह्यातले पुष्कळसे मालकाच्या विवेकावर सोडता येईल, पण सारे नाही. कारण ह्या बंगल्यांपैकी कित्येक आता एक-दोन रात्रींसाठी पाहुण्यांना भाड्याने दिले जातात, आणि मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून आलेल्या पाहुण्याने आयुष्यात कधी झडप हाताळलेली नसते. नगरपरिषदेने बांधकामाला मंजुरी देताना नकाशात धुराड्याचा उभा छेद मागावा, आणि घर भाड्याने देणाऱ्याकडून दर दिवाळीपूर्वी धुराडे साफ केल्याचा दाखला घ्यावा. मालकाने शेकोटीशेजारी मराठीत एक फलक लावावा आणि त्यावर चारच गोष्टी ठळक लिहाव्यात: पेटवण्यापूर्वी झडप उघडा, खिडकीची एक फट उघडी ठेवा, निखारे असताना झडप लावू नका, आणि डोके जड वाटू लागले तर मुलांना घेऊन ताबडतोब बाहेर पडा.